उजव्या चकतीचे तीन स्क्रू

१

न्हाणीघरातला आधाराचा दांडा एका टोकानं भिंतीला चिकटून होता आणि दुसऱ्या टोकानं खाली लोंबत होता. उजवीकडची, दांडा भिंतीला धरून ठेवणारी चकती टाइलवरून सुटून आली होती आणि तिच्या मागची तीन भोकं उघडी पडली होती. बुधवारी सकाळी याच दांड्याला धरून उठताना या खोलीत राहणाऱ्या मास्तरीणबाई पडल्या. वय एक्क्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं. आज शनिवार होता.

वृद्धनिवासांमधल्या अपघातांची चौकशी करणं हे माझं काम. बावीस वर्षं तेच करते आहे आणि या महिन्यातला हा तिसरा अपघात. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मी इतक्यांदा लिहिला आहे की आता पेन टेकवलं की तो आपसूक उमटतो. माझे स्वतःचे गुडघेही हल्ली न्हाणीघरात शिरताना दांडा शोधतात, पण ते कोणाला सांगणार!

व्यवस्थापकांनी मला एक पाकीट दिलं आणि एक कागद.

“पाकिटात पडलेले तीन स्क्रू आहेत. आणि हा कागद म्हणजे तुमचं काम सोपं. मिस्त्रीनं लिहूनच दिलंय.”

कागदावर थरथरत्या अक्षरात दोन ओळी होत्या. ‘उजव्या चकतीचे स्क्रू आवळायचे माझ्याकडून राहिले असावेत. जबाबदारी माझी आहे.’ खाली सही.

“याचं पुढे काय होणार?” मी विचारलं.

“सोमवारी कामावरून कमी. खात्याच्या यादीत नाव जाईल, म्हणजे दुसऱ्या कुठल्या वृद्धनिवासात कोणी उभं करणार नाही. मागच्या खोलीत नवरा-बायको राहतात, ती खोली सोडावी लागेल.” मग ते जरा ओशाळले. “एकतीस वर्षं होता हो इथे. पण मास्तरीणबाईंचा मुलगा ऐकायलाच तयार नाही. त्याला मिस्त्री इथे नकोच आहे.”

“आत्ता कुठे आहेत ते?”

“वरच्या मजल्यावर. सगळे दांडे तपासतोय. बुधवारपासून तिसऱ्यांदा.”

मी पाकीट तळहातावर पालथं केलं, पिशवीतून भिंग काढलं आणि कमोडच्या झाकणावर बसून एकेक स्क्रू उजेडाकडे धरला. तिसऱ्या स्क्रूपर्यंत पोचले तेव्हा कंटाळा कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याचा मला राग आला. सोमवारच्या आत घरी बसून पाय शेकायचे होते मला.

“तुमच्या मिस्त्रींनी खोटं लिहिलंय,” मी म्हटलं. “आवळायचं राहिलं वगैरे काही नाही. हे स्क्रू कोणीतरी उघडले होते. आणि ज्यानं उघडले, त्याला स्क्रूतलं ओ की ठो कळत नव्हतं.”

२

माझ्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. शाळेतून आले की मला गल्ल्यामागे बसवून समोर मिसळलेल्या स्क्रूंची परात ठेवत आणि म्हणत, निवड. इतर मुली डाळ-तांदूळ निवडत, मी स्क्रू निवडले.

स्क्रूच्या डोक्यावर सरळ एकच चीर असेल तर त्याला चपटा ड्रायव्हर. हा सगळ्यांत जुना आणि गरीब. काहीच हाताशी नसेल तर सुरीच्या टोकानंही फिरतो. सहा कोनी खड्डा असेल तर त्याला वाकडी, सहा कोनी चावी. आणि फुली असेल तर फुलीचा ड्रायव्हर. लोकांचं ज्ञान इथे संपतं आणि घोटाळा इथेच सुरू होतो, कारण फुल्या दोन तऱ्हेच्या असतात. साध्या फुलीचा खड्डा आत निमुळता होत जातो, त्यामुळे जास्त जोर दिला की ड्रायव्हर आपणहून वर उसळतो. दुसरी दुहेरी फुली. तिच्या चार हातांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा असतात आणि खड्ड्याच्या भिंती सरळ असतात. तिचा ड्रायव्हर वेगळा. तो बसला की हलत नाही, मग अंगात असेल तेवढा जोर लावा. दुहेरी फुलीत साध्या फुलीचा ड्रायव्हर घातला तर तो बसल्यासारखा वाटतो. फिरतोही थोडा. खरा जोर आला की घसरतो आणि स्क्रूचं तोंड खाऊन टाकतो.

पाकिटातले तिन्ही स्क्रू दुहेरी फुलीचे होते आणि तिन्हींची तोंडं खाल्लेली होती. भिंतीवर शाबूत राहिलेल्या डाव्या चकतीचे तीन स्क्रू मात्र कोरे करकरीत होते. शिवाय त्या तिन्ही फुल्या एकसारख्या उभ्या होत्या. एकही कलंडलेली नव्हती.

मिस्त्रींची कामाची खोली जिन्याखाली होती. फळीवर प्रत्येक हत्यारामागे पेन्सिलीनं त्याचाच आकार काढलेला, म्हणजे काय जागेवर नाही ते आल्या आल्या दिसावं. मिस्त्री वरून मधेच खाली येऊन स्टुलावर बसले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी आले म्हणून उठायला लागले तर मीच त्यांना बसवलं.

“डाव्या चकतीच्या फुल्या सरळ उभ्या कशा?” मी विचारलं.

“मी तशाच ठेवतो, बाई. एक तारखेला सगळीकडे फिरतो ना, तेव्हा नुसतं दारातून बघायचं. फुली कलंडली असली की समजायचं स्क्रू हलला.”

“या एक तारखेला ही खोली बघितली होती?”

“बघितली होती की.” मग ते आपल्या हातांकडे बघायला लागले. “म्हणजे, वहीत सही आहे माझी. पण मागच्या आठवड्यात एका खोलीचा नळ उघडा सोडून आलो मी. हात पण हल्ली कापतो. वय झालं. बघितलं असं वाटतंय, पण बघितलं नसेल तर? त्या बाई मला रोज विचारायच्या, मिस्त्री, बायकोचा डोळा कसा आहे. आणि त्या माझ्या दांड्यानं पडल्या.”

“म्हणून लिहून दिलंत?”

“तीन रात्री झोप नाही. म्हटलं, लिहून दिलं की निदान डोकं तरी शांत होईल. झालं नाही.”

मी फळीवरचा दुहेरी फुलीचा ड्रायव्हर काढून त्याचं टोक निरखलं. ते शाबूत होतं. त्याच्या शेजारी साध्या फुलीचाही होता, पण त्याच्यावर बोटभर गंज चढलेला.

“हा वापरत नाही का?”

“कशाला? इथले सगळे स्क्रू मीच आणतो, एकाच जातीचे.”

“इथे भिंतीला काही लावायला बंदी आहे आणि कोणी लावलं तर तुम्ही उपटून टाकता, असं व्यवस्थापक म्हणत होते.”

“टाकतो,” ते जरा ताठ झाले. “गोंदाच्या पट्टीनं आकडे चिकटवतात टाइलवर. टॉवेल ठीक आहे, पण म्हातारं माणूस तोल गेला की त्यालाच धरतं. मला विचारा ना, मी नीट लावून देईन! कोणी विचारतच नाही.”

दांड्यावरून काढून आणलेली उजवी चकती मी उलटी करून त्यांच्यापुढे धरली. पाठीवर एका कडेला बोटाच्या रुंदीचा लखलखीत पट्टा घासला गेला होता. बाकीची पाठ काळवंडलेली.

मिस्त्री तो पट्टा बघत राहिले. “हे माझं नाही,” ते हळूच म्हणाले. “चकतीमागे काहीतरी घातलं होतं कोणीतरी.”

३

काय घातलं होतं, ते त्या खोलीत कुठेही नव्हतं. मी बेसिनखाली पाहिलं, जाळीत पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. तेव्हा आधी ड्रायव्हर शोधायचा असं ठरवलं. माणसं खोटं बोलतात, थकतात, विसरतात. ड्रायव्हरचं टोक मात्र जसं असतं तसंच असतं.

व्यवस्थापकांचा संशय रंगाऱ्यावर होता. अपघाताच्या आधीच्या शुक्रवारी त्यानं याच न्हाणीघराचं छत रंगवलं होतं. “दांड्यावर पाय देऊन चढला असेल मेला,” ते म्हणाले.

रंगारी मागच्या आवारात डबे धूत होता. “दांड्यावर कशाला चढू? शिडी काय डोक्यावर मिरवायला आणलीय?” त्याच्याकडे एकच ड्रायव्हर होता, चपटा, रंगाचे डबे उघडून उघडून टोक फेंगडं झालेलं. त्या टोकानं फुली उचकटली असती तर एकाच रेघेवर ओरखडे पडले असते. इथे चारही हात सारखे खाल्लेले. रंगारी सुटला आणि जाताना मला म्हणाला, “बाई, तुमच्या सँडलचा पट्टा उसवलाय, पडाल.” चौकशी अधिकाऱ्याची एवढीच काय ती पत.

व्यवस्थापकांच्या खणात कपाटांसोबत आलेल्या सहा कोनी चाव्या होत्या, सतरा. त्यातली एकही फुलीत शिरत नाही. त्याच खणात रहिवाशांची कामांची वही होती. मी ती सहज चाळली. मास्तरीणबाईंची नोंद वळणदार अक्षरात होती: ‘न्हाणीघरात काठी अडकवायला सोय हवी. काठी घसरून पडते आणि वाकता येत नाही.’ महिन्यानंतर पुन्हा तीच नोंद, फक्त शेवटी ‘कृपया’ वाढलेलं.

“ही मिस्त्रींना दाखवली?”

“दहा कामं साठली की एकदम देतो,” व्यवस्थापक म्हणाले. “आठ झाली होती.”

मी वही पिशवीत घातली. बोलण्याइतकी शक्ती नव्हती.

मजल्यावरच्या मावशी वीस माणसांचं एकटीनं बघत होत्या. त्यांच्या खिशात काडीएवढा ड्रायव्हर होता, चष्म्याच्या दांड्या आवळायचा. त्यानं भिंतीतला स्क्रू हलला असता तर चमत्कारच. पण मावशींच्या बोलण्यात जे सापडलं ते कुठल्याही हत्याराच्या पेटीत मिळालं नसतं.

“शेजारच्या आजोबांनी धाडकन आवाज ऐकला, तेव्हा चहाची घंटा होत होती. म्हणजे सहा. त्यांना वाटलं बादली पडली. आणि बाईंनी लाल दोरी ओढली सहा वाजून एकवीस मिनिटांनी. यंत्रावर वेळ येते ना. मी म्हटलं, घेरी आली असेल मधे.”

“दोरी लांब होती?”

“छे हो! दांड्याखालीच लोंबते, जमिनीपर्यंत. पण बाई त्या टोकाला, पार बेसिनखाली जाऊन आलेल्या, ओल्या फरशीवर सरकल्याची खूण होती. कोपर सोलवटलेलं. काठी हातात आणि तिची मूठ पुढे. आणि मग तिथून परत सरकत येऊन दोरी ओढलेली. मोडक्या हाडानं! कशा सरकल्या असतील कोण जाणे.”

“काही बोलल्या?”

“स्ट्रेचरवर घेतल्यावर म्हणाल्या, आधी माझी चष्म्याची पेटी द्या. चष्मा तर डोळ्यांवरच होता. आता मोठ्या माणसाला काय बोलणार!”

काठी अजून खोलीच्या कोपऱ्यात होती. मुठीजवळ लाल गोफाचा फास ओवलेला, नवा कोरा.

“हा बाईंनी रविवारी ओवला,” मावशी म्हणाल्या. “खुशीत होत्या. मुलगा येऊन गेला होता ना.”

मी फास हातात धरून न्हाणीघरात उभी राहिले. अडकवायला तिथे कुठेच काही नव्हतं. आणि त्या क्षणी, खरं सांगते, मला पुढचं काही कळायला नको होतं.

४

इस्पितळाच्या बोळात मास्तरीणबाईंचा मुलगा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. पन्नाशीचा, शर्टाची बाही एक वर, एक खाली. चार दिवस अंगात तेच कपडे असावेत.

“मिस्त्रीला काढलं का?” हाच पहिला प्रश्न.

“सोमवारी काढतील. तुमचा त्यांच्यावर इतका राग का?”

“त्या माणसाला दुसऱ्याच्या हातचं काही सहन होत नाही. कोणी काही लावलं की हा उपटून टाकतो. स्वतःचं तेवढं खरं. आणि उपटल्यावर परत नीट बसवायची अक्कल नाही.” त्याचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. “आई तीन दिवस कण्हतेय. मला दाखवत नाही.”

“काय उपटलं त्यांनी?”

त्यानं वरची बाही खाली ओढली. “काही नाही. मी आपलं सर्वसाधारण बोलतोय.”

मी शेजारच्या खुर्चीत टेकले तर तिचा हात लटपटला. त्यानं ते पाहिलं. बोलता बोलताच पिशवीतून लाल मुठीचा ड्रायव्हर काढला, वाकून खुर्चीखालचे दोन स्क्रू आवळले, हात हलवून खात्री केली.

“दिसलं की राहवत नाही,” तो म्हणाला. “आई म्हणते, लहानपणी पाहुण्यांच्या घरी पण बसवत नसे.”

ड्रायव्हर साध्या फुलीचा होता. नाक घासून गुळगुळीत झालेलं. आणि ज्या हातात तो होता, त्याच्या तळव्याच्या मधोमध फुटून सुकलेला फोड होता.

त्याला तिथेच विचारता आलं असतं. सगळं जुळत होतं. रविवारी तो आला होता, आईच्या काठीची सोय करायची होती, वृद्धनिवासात भिंतीला काही लावायला बंदी. मग टाइलला भोक न पाडता, चकती उघडून तिच्यामागे आकड्याची पट्टी सरकवली आणि तेच स्क्रू परत मारले. पट्टीच्या जाडीनं चकती एका कडेनं उचललेली राहिली आणि घसरणारा ड्रायव्हर स्क्रूंना पुरतं आत जाऊ देईना. बुधवारी आईनं सगळा भार टाकला आणि चकती आली.

पण मग हा माणूस नाटक करत होता का? मला तसं वाटेना. त्याचा राग खरा होता.

“बुधवारी तुम्ही आईची खोली पाहिलीत?” मी विचारलं.

“कपडे घ्यायला गेलो होतो.”

“न्हाणीघरात डोकावलात. आणि तुम्ही लावलेला आकडा तिथे नव्हता.”

त्याचा चेहरा उतरला. “तुम्हाला मिस्त्रीनं सांगितलं? म्हणजे काढला ना त्यानंच? मी रविवारी इतका घट्ट लावला होता! बंदी आहे म्हणून बोललो नाही, एवढीच माझी चूक. त्यानं तो काढला, दांडा ढिला ठेवला, आणि माझी आई...”

या माणसाला खरोखरच ठाऊक नव्हतं. आकडा मिस्त्रींनी काढला नव्हता आणि त्यानंही नाही. तो पडला तेव्हा त्या न्हाणीघरात एकच माणूस होतं.

“मला तुमच्या आईशी पाच मिनिटं एकटीशी बोलायचंय,” मी म्हटलं.

५

मास्तरीणबाई उशीला टेकून पडल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा. उजव्या हातात चष्म्याची पेटी, घट्ट धरलेली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “दमलेल्या दिसता.”

“दमलेच आहे. एकवीस मिनिटं काय करत होतात, बाई?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात कोणी नेमका प्रश्न विचारला की बघत असतील तसं.

“पेटी जड दिसते,” मी म्हटलं.

“कोणाला सांगितलंत?”

“अजून कोणालाच नाही.”

त्यांनी पेटी उघडली. आत स्टीलचा एक आकडा होता, त्याला बोटाच्या रुंदीची पट्टी. “बेसिनच्या मागे जाऊन पडला हो मेला. काठीच्या मुठीनं ओढून काढला, पदरात लपवला आणि पेटी मिळाल्यावर तिच्यात टाकला. तो काढल्याशिवाय दोरी ओढता येईना, माणसं आली की पहिला तोच दिसला असता.” त्या थांबल्या. दुखत असावं. “पडता पडताच कळलं मला. चकती आकड्यासकट आली. मनात आलं, याला कळलं तर हा मरेपर्यंत स्वतःला खाईल. वडील गेले तेव्हा डॉक्टरला उशिरा बोलावलं म्हणून दहा वर्षं झोपला नाही. म्हटलं, आकडाच नाही तर प्रश्नच नाही. म्हातारी पडली, संपलं. म्हाताऱ्या पडतातच.”

“पण मुलगा मिस्त्रींना काढायला निघालाय.”

“दुःखानं बोलतोय. शांत होईल. तुम्ही अपघात म्हणून लिहा ना.”

मी पिशवीतून कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला.

“हे त्यांनी स्वतः लिहिलं?”

“स्वतः. आवळायचं आपल्याच हातून राहिलं असं त्यांना आता खरंच वाटायला लागलंय. तीन रात्री झोपले नाहीत. वरचे सगळे दांडे तिसऱ्यांदा तपासतायत.”

मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. बाहेर बोळात कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

“एकाची झोप वाचवायला दुसऱ्याची काढून घेतली मी,” त्या म्हणाल्या. “वर्गात असं एखाद्या मुलीनं केलं असतं तर उभं केलं असतं तिला.” मग कागद मला परत देत म्हणाल्या, “त्याला काय सांगू? तुझ्यामुळे पडले, असं कुठल्या तोंडानं सांगू पोराला?”

मग मी पाकीट काढलं आणि एक स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला, भिंगासकट.

“फुलीच्या प्रत्येक हाताला दोन भिंती असतात, बाई. एकीवर उघडताना जोर येतो, दुसरीवर आवळताना. कोणी मुद्दाम ढिलं केलं असतं तर उघडायची भिंत खाल्लेली दिसली असती. कोणी बेफिकिरीनं परत लावलं असतं तर आवळायची भिंत कोरी राहिली असती. ही बघा. उघडायची थोडी खाल्लीय. आवळायची पार भुगा झालीय. तिन्ही स्क्रूंवर. ड्रायव्हर घसरत होता, तरी तो थांबला नाही. तळव्यावर फोड आलाय त्याच्या.”

त्या भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. चष्म्याच्या काचेखालून पाणी ओघळलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“बोलवा त्याला,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही इथेच थांबा. हे भिंतींचं मला सांगता यायचं नाही.”

६

तो आत आला. आईनं पेटी त्याच्या हातात दिली. त्यानं उघडली.

“हा... आई, हा मिस्त्रीनं काढला होता ना?”

“नाही रे बाळा. माझ्याबरोबर खाली आला. मीच लपवला.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. आधी त्यानं आकड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळव्याकडे. मग तो पलंगाच्या कडेवर डोकं टेकून रडला. मास्तरीणबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, “ऐक, त्या बाई काय सांगतात ते ऐक आधी.” मी सांगितलं. भिंग त्याच्या हातात दिलं. त्यानं ते डोळ्याला लावलं, पण डोळे भरलेले होते, नीट दिसलं असेल असं वाटत नाही.

“पण पडली ना ती,” तो म्हणाला.

“पडले,” आई म्हणाली. “आणि जगलेय. आता मिस्त्रींकडे जा.”

अहवालात मी चकतीमागची पट्टी लिहिली, चुकीचा ड्रायव्हर लिहिला, बंदी असताना केलेलं काम लिहिलं. त्याच्याही आधी, पहिल्या परिच्छेदात, व्यवस्थापकांची वही लिहिली. दोनदा मागितलेला आकडा आणि साठवून ठेवलेली आठ कामं. मिस्त्रींच्या नावापुढे लिहिलं, ‘यांचा दोष नाही.’ हे तीन शब्द लिहायची सवय नसल्यामुळे पेन थोडं अडखळलं.

संध्याकाळी मी आणि मुलगा जिन्याखाली पोचलो तेव्हा मिस्त्री नुकते वरून खाली आले होते. मुलानं दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, मान खाली घालून. मिस्त्री ऐकत राहिले. ते चिडले असते तर मी त्यांना अडवलं नसतं.

त्यांनी हात पुढे केला. “आकडा बघू.”

मुलानं दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्यानं कड चाचपली. “चांगला आहे. काठीला हाच हवा. याला स्वतःचे दोन स्क्रू द्यायचे, दांड्याच्या जिवावर नाही ठेवायचा.” मग त्यांनी माझ्याकडून पाकिटातला एक स्क्रू मागून घेतला आणि दिव्याखाली धरला.

“मी अंगातला सगळा जोर लावला होता,” मुलगा म्हणाला.

“दिसतंय ते,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी फळीवरून दुहेरी फुलीचा ड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला. आम्ही वर गेलो. चकतीसाठी नवे, लांब स्क्रू आले, स्क्रू पकडायला भोकांत ठोकायच्या नव्या गट्ट्या आल्या, आकड्याला टाइलच्या सांध्यात वेगळी भोकं पडली. मिस्त्री कमोडच्या झाकणावर बसून सांगत होते आणि मुलगा आवळत होता. ड्रायव्हर एकदाही घसरला नाही. शेवटच्या स्क्रूला मिस्त्री म्हणाले, “अजून किंचित. फुली उभी येऊ दे. हां, बस.”

मुलगा मागे सरला. दांड्याच्या सहा आणि आकड्याच्या दोन, आठही फुल्या उभ्या होत्या. मास्तरीणबाई परत येतील तेव्हा काठी कुठे अडकवायची ते त्यानं स्वतःच्या हातानं अडकवून पाहिलं, दोनदा.

“बाई,” मिस्त्री मला म्हणाले, “तो माझा कागद परत मिळेल का?”

मी तो त्यांना दिला. त्यांनी चार घड्या घालून खिशात टाकला, मागे भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. आम्ही दोघं सामान गोळा करत होतो तोवर ते तिथेच, बसल्या बसल्या झोपून गेले. मुलानं दांड्याला लटकून एकदा पाहिलं, आवाज न करता, आणि दिवा तसाच ठेवून आम्ही बाहेर आलो.